समुद्र त्यांचा, सही कुणाची?

२५ नोव्हेंबर १९८१ रोजी सेशेल्सच्या माहे विमानतळावर स्वाझीलँडहून आलेल्या विमानातून चाळीसहून अधिक पुरुष उतरले. बिअर पिणाऱ्यांच्या एका मंडळाचे सभासद सहलीला आले आहेत, अशी बतावणी होती. अनाथ मुलांना वाटण्यासाठी म्हणून बॅगांत खेळणी भरली होती आणि खेळण्यांखालच्या चोरकप्प्यात एके-४७ रायफली. त्यातली एक कस्टम अधिकाऱ्याच्या हाती लागली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. माइक होअर या नामचीन भाडोत्री सैनिकाची ही टोळी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स-अल्बेर रेने यांचे सरकार उलथायला आली होती. डाव फसला. नेमके तेव्हाच आफ्रिकेतून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे बोइंग तिथे उतरले. टोळीने ते ताब्यात घेतले आणि वैमानिकाला ते दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला न्यायला लावले.

सेशेल्सची लोकसंख्या तेव्हा पासष्ट हजारांच्या आसपास होती. एक विमानतळ आणि एक रेडिओ केंद्र हाती आले की देश हाती येतो, हा होअरचा हिशेब बिनबुडाचा नव्हता. जवळच्याच कोमोरोसमध्ये तो खरा ठरला होता. बॉब देनार या फ्रेंच भाडोत्री सैनिकाने १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमद अब्दुल्ला यांना हटवायला हातभार लावला, १९७८ मध्ये त्यांनाच पुन्हा सत्तेवर बसवले आणि पुढची अकरा वर्षे त्यांचे रक्षकदल स्वतःच्या मुठीत ठेवले. १९८९ मध्ये अब्दुल्ला मारले गेले. १९९५ मध्ये देनार रबरी होड्यांतून पुन्हा किनाऱ्यावर उतरला, तेव्हा मात्र फ्रान्सने सैन्य पाठवून त्याला पकडून नेले.

मालदीवची गोष्ट भारतीय वाचकाला अधिक परिचयाची आहे. ३ नोव्हेंबर १९८८ च्या पहाटे अब्दुल्ला लुथुफी या मालदीवी व्यापाऱ्याने श्रीलंकेतल्या ‘प्लॉट’ या तमिळ संघटनेचे सुमारे ऐंशी बंदूकधारी घेऊन राजधानी मालेवर हल्ला चढवला. राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले आणि त्यांनी मदत मागितली. भारताचे छत्रीधारी सैनिक आग्र्याहून इल्युशिन विमानांतून निघून त्याच रात्री मालेलगतच्या हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले. ओलीस घेऊन ‘प्रोग्रेस लाइट’ या मालवाहू जहाजातून पळालेल्यांना भारतीय नौदलाच्या ‘गोदावरी’ने गाठले. त्याच्या पाच वर्षे आधी कॅरिबियनमधल्या ग्रेनेडात उलटे घडले होते. पंतप्रधान मॉरिस बिशप यांची त्यांच्याच पक्षातल्या विरोधकांच्या बाजूच्या सैनिकांनी हत्या केली, आणि सहाच दिवसांत, २५ ऑक्टोबर १९८३ रोजी, अमेरिकी सैन्य बेटावर उतरले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०८ देशांनी या कारवाईचा निषेध केला. दोन्हीकडे मोठा शेजारीच आला. मालेत त्याला तिथल्या सरकारने बोलावले होते, ग्रेनेडात बोलावण्याचाच वाद आजवर मिटलेला नाही. ग्रेनेडानंतर राष्ट्रकुलाने छोट्या देशांच्या असुरक्षिततेवर १९८५ मध्ये अहवाल काढला. या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला.

भाडोत्री टोळ्यांचे ते युग सरले. आज बेटराष्ट्रांवर क्वचितच कुणी बंदूक घेऊन चालून येते. पाणी, केबल, बँक, कर्ज, व्हिसा, गस्तीनौका अशा एकेका गरजेसाठी करार होतात आणि प्रत्येक करारात निर्णयाचा थोडा हक्क दुसऱ्याच्या हाती जातो. करार न करता यांतल्या बहुतेक देशांना जगताच येणार नाही. म्हणून खरा प्रश्न अटी कोण लिहितो, हाच आहे.

गरज किती मूलभूत असते याची कल्पना मालेने ४ डिसेंबर २०१४ रोजी दिली. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि राजधानीतल्या लाखभर लोकांच्या नळाला पाणी येईना. दाट वस्तीच्या त्या बेटावर गोड्या पाण्याचा दुसरा भरवशाचा साठा नव्हता. भारताने हवाई दलाच्या विमानांतून पाणी पाठवले, ‘सुकन्या’ ही नौका पाणी घेऊन पोहोचली, इतर देशांचीही मदत आली. टोंगामध्ये १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि देशाला जगाशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली. ती जोडायला पाच आठवडे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वानुआतु सरकारच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक आठवडे सरकारी कचेऱ्या कागद-पेनावर चालल्या. मोठ्या देशात असा बिघाड बातमी होऊन विरतो. बेटावर तोच राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न होतो, कारण तिथे दुसरी केबल नसते, दुसरे शहर नसते, माघार घ्यायला पाठीमागे मुलूख नसतो.

वादळांचेही तसेच. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने डोमिनिकाचे एका रात्रीत जे नुकसान केले, ते देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सव्वादोन पट होते. देश उभा करायला कर्ज काढायचे, ते फिटण्याआधी पुढचे वादळ. या फेऱ्यातून ग्रेनेडाने काढलेली वाट मुद्दाम सांगायला हवी. २००४ च्या ‘इव्हान’ वादळाने होरपळलेल्या या देशाने २०१५ च्या सुमारास कर्जाची फेररचना करताना रोख्यांतच एक अट घालून घेतली: मोठे वादळ आले तर हप्ते काही काळ थांबतील. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ वादळाने कॅरियाकू बेट जमीनदोस्त केले आणि ग्रेनेडाने ती अट वापरली. सव्वा लाखाच्या आसपास लोकवस्तीच्या देशाने सावकाराच्या कागदावर स्वतःची ओळ लिहून घेतली, हे लहान यश नाही.

टोंगाला ते जमले नाही. २००६ च्या दंगलीत जळालेली राजधानी उभी करायला त्याने चीनच्या एक्झिम बँकेचे कर्ज घेतले, आणि परकीय कर्जातला निम्म्याहून अधिक वाटा एकाच सावकाराचा झाला. मालदीवमध्ये मोहम्मद मुइझ्झू २०२३ मध्ये भारतीय सैनिक हटवण्याचे आश्वासन देऊन निवडून आले. मे २०२४ पर्यंत ते सैनिक परत गेले आणि त्यांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परकीय गंगाजळी आटली, तेव्हा मुइझ्झू यांच्या दिल्लीभेटीतच ४० कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. यात त्यांची फजिती पाहणे चुकीचे ठरेल. ऐन टंचाईत ज्याच्याकडे पैसा आहे, त्याच्याकडे जाण्यावाचून लहान देशाला गत्यंतर नसते.

पण ही बेटे दरिद्री आहेत असे समजणे ही मोठी गफलत आहे. त्यांची मालमत्ता पाण्यात आहे. किरिबातीची जमीन अवघी ८११ चौरस किलोमीटर; मात्र तिच्या विखुरलेल्या प्रवाळबेटांभोवतीचे अनन्य आर्थिक क्षेत्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागापेक्षा मोठे. या पाण्यात ट्यूना, आपल्याकडचा कुपा, विपुल आहे. कित्येक वर्षे जपान, तैवान, कोरिया, अमेरिका यांची जहाजे तो मासा नेत आणि बेटांना किमतीच्या मानाने चिल्लर देत. प्रत्येक देशाशी वेगळी बोलणी होत आणि एकाने दर वाढवला की जहाजे दुसऱ्याकडे वळत.

हे थांबवले ते नाउरू करारातल्या आठ देशांनी. १९८२ मध्ये झालेल्या या कराराला खरी धार आली ती मासेमारीचे दिवस विकण्याच्या पद्धतीने. आठही देशांच्या पाण्यात वर्षाला एकूण किती दिवस मासेमारी होईल हे मिळून ठरवायचे, ते दिवस आपसात वाटून घ्यायचे आणि ठरलेल्या किमान दराच्या खाली कुणी विकायचे नाही. किमान दर दिवसाला आठ हजार डॉलर झाला. २०१० मध्ये या देशांचे मिळून उत्पन्न सहा कोटी डॉलरच्या आसपास होते. दहाएक वर्षांत ते पन्नास कोटींच्या घरात गेले. किरिबाती सरकारचा मोठा खर्च आज मासेमारी परवान्यांच्या पैशावर चालतो. लहान देशांच्या सार्वभौमत्वाची सगळ्यात भक्कम तटबंदी कोणती, असे विचारले तर याच कराराकडे बोट दाखवावे लागेल. ती बांधायला एकही तोफ लागली नाही. धास्ती एवढीच की समुद्र तापतो आहे आणि कुप्याचे थवे पूर्वेकडे, खुल्या समुद्राकडे सरकतील असा शास्त्रज्ञांचा इशारा आहे. तिथे मात्र परवाना देणारा कुणीच मालक नाही.

अशी तटबंदी नसली की काय होते, ते ज्या देशाच्या नावाने हा करार ओळखला जातो त्या नाउरूच्याच इतिहासात दिसते. एकवीस चौरस किलोमीटर, बारा हजार माणसे. बेटाच्या मध्यभागचे फॉस्फेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी खणून आपल्या शेतांवर टाकले. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर खाणीचा पैसा नाउरूला मिळू लागला आणि काही वर्षे दरडोई उत्पन्नात तो जगातल्या श्रीमंत देशांत गणला गेला. खोदून उजाड केलेल्या जमिनीबद्दल त्याने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड मिळवली. पण फॉस्फेट संपत आले होते आणि पुढच्या पिढ्यांसाठी राखलेला निधी वाईट गुंतवणुकींत बुडाला होता.

मग नाउरूने विकायला काढले ते देश असण्याचे हक्क. प्रथम बँकांचे परवाने विकले. रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या अंदाजानुसार एकट्या १९९८ मध्ये ७० अब्ज डॉलर तिथल्या कागदी बँकांतून फिरले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने समुद्रात अडवलेले आश्रयार्थी ठेवण्याची छावणी नाउरूवर उभी राहिली. २००२ मध्ये त्याने तैवानला सोडून चीनला मान्यता दिली, २००५ मध्ये तो तैवानकडे परतला, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीनकडे वळला. २००९ मध्ये अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया यांना मान्यता देणाऱ्या मूठभर देशांत तो होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाशी करार केला: पाच वर्षांत १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची अर्थसंकल्पी मदत, पोलिसांसाठी आणखी ४ कोटी आणि बेटावर एका ऑस्ट्रेलियन बँकेची शाखा. त्या बदल्यात सुरक्षेचे करार ऑस्ट्रेलियाला विचारल्याशिवाय होणार नाहीत. बारा हजार लोकांना पगार काढायला बँक हवी होती, हे यातले सगळ्यात बोलके कलम.

नागरिकत्व विकण्याचा धंदा कॅरिबियनमध्ये जुना आहे. सेंट किट्स अँड नेव्हिसने तो १९८४ मध्ये सुरू केला. मुंबईच्या वाचकाला तो वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या शाखेतल्या गैरव्यवहारातला आरोपी मेहुल चोक्सी याने २०१७ मध्येच अँटिग्वाचे नागरिकत्व घेऊन ठेवले होते. ललित मोदी यांना दिलेला पासपोर्ट रद्द करण्याचा आदेश वानुआतुच्या पंतप्रधानांनी मार्च २०२५ मध्ये दिला. या धंद्याची किंमत शेवटी सामान्य बेटवासी मोजतो. पासपोर्टच्या विक्रीमुळे युरोपीय संघाने वानुआतुची व्हिसामुक्त प्रवासाची सवलत आधी स्थगित केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कायमची काढून घेतली. आपल्या देशाचा पासपोर्ट कधीही न विकलेल्या कोळ्याला आणि विद्यार्थ्यालाही आता व्हिसाच्या रांगेत उभे राहावे लागते.

पॅसिफिकमध्ये करारांची सध्याची धावाधाव सुरू झाली ती सॉलोमन बेटांपासून. वांशिक हिंसाचारानंतर २००३ ते २०१७ अशी चौदा वर्षे तिथे ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली शांतिदल होते. २०१९ मध्ये सरकारने तैवानला सोडले, नोव्हेंबर २०२१ मध्ये राजधानी होनियारात दंगल पेटली आणि एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधान मनासेह सोगावारे यांनी चीनशी सुरक्षा करार केला. त्याचा मसुदा फुटला म्हणून जगाला कळला. अमेरिकेने १९९३ मध्ये बंद केलेली होनियारातली वकिलात २०२३ मध्ये पुन्हा उघडली, यावरून इतर राजधान्यांची झोप कशी उडाली ते समजते.

तुवालूचा करार मात्र सावकाश वाचावा असा आहे. ‘फालेपिली’ नावाने ९ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या या करारात ऑस्ट्रेलियाने दरवर्षी २८० तुवालूवासीयांना कायम राहण्याचा व्हिसा देऊ केला, आपत्तीत आणि लष्करी आक्रमणात मदतीची हमी दिली आणि समुद्र कितीही चढला तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम मानू, असे लिहून दिले. बदल्यात संरक्षण, पोलीस, बंदरे, दूरसंचार, वीज यांबाबत तिसऱ्या देशाशी करार करण्याआधी ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. २०२५ मध्ये व्हिसाच्या पहिल्याच सोडतीसाठी कुटुंबीयांसह ८,७५० जणांची नावे नोंदली गेली, आणि देशाची लोकसंख्या अकरा हजारांच्या आत-बाहेर आहे. माणसे जायला तयार आहेत, राष्ट्र मात्र राहिले पाहिजे, अशा पेचात सही करणाऱ्या सरकारला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. तरीही बंदर आणि वीज यांवरचा नकाराधिकार व्हिसाच्या मोबदल्यात मागणे ही अट जड आहे. बुडणाऱ्याला हात देताना त्याच्या घराच्या किल्ल्या मागू नयेत.

अशा अटींचा जुना नमुना मार्शल बेटांत आहे. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. आज संरक्षणाचा अधिकार अमेरिकेकडे, क्वाजालीनवर तिचे क्षेपणास्त्र केंद्र, आणि मोबदल्यात अनुदान व अमेरिकेत राहण्या-कमावण्याची मुभा, अशी व्यवस्था आहे. याच मार्शल बेटांनी २०१४ मध्ये अण्वस्त्रधारी देशांना आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले होते. त्यांत भारतही होता. २०१६ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर ते दावे फेटाळले.

सही करताना हात पिरगळलेला असेल तर काय, याचे उत्तर शागोसच्या खटल्याने दिले. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या वाटाघाटी चालू असतानाच, १९६५ मध्ये, ब्रिटनने शागोस द्वीपसमूह तोडून वेगळा केला आणि ३० लाख पौंड हाती ठेवले. त्यातले दिएगो गार्सिया बेट अमेरिकी तळासाठी हवे होते. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले गेले. जाण्यापूर्वी त्यांच्या कुत्र्यांना गोळा करून मारण्यात आले. मॉरिशसने हार मानली नाही. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की शागोस तोडल्यामुळे मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्णच झालेली नाही. मे महिन्यात आमसभेत ११६ देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, भारत त्यांत होता. विरोधात सहा. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड भाड्याने स्वतःकडे ठेवले. शागोसवासीयांना दिएगो गार्सियावर परतता येणार नाही आणि वाटाघाटींत त्यांना विचारलेही गेले नाही, ही त्यातली उघडी जखम आहे. न्यायालयात जिंकलेल्या देशानेही आपल्याच माणसांना वाटाघाटींच्या टेबलाशी बसवले नाही, हे मॉरिशसला सांगायला हवे.

कायद्याच्या वाटेने बेटांनी अलीकडे आणखी मोठी मजल मारली आहे. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराच्या व्याख्येनुसार राष्ट्राला कायम लोकवस्ती आणि निश्चित भूभाग लागतो. जमीन पाण्याखाली गेली तर राष्ट्र उरते का, आणि तिच्यावरून मोजलेले समुद्री क्षेत्र कुणाचे? २०२१ मध्ये पॅसिफिक बेटांच्या मंचाने जाहीर केले की एकदा आखलेल्या सागरी सीमा पाणी चढले तरी बदलणार नाहीत. मे २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने हरितगृह वायूंना सागरी प्रदूषण ठरवले. आणि वानुआतुच्या पुढाकाराने, साऊथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या प्रकरणात २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की राष्ट्र एकदा स्थापन झाले की त्याचा एखादा घटक नाहीसा झाल्याने राष्ट्रत्व संपतेच असे नाही. हे मत बंधनकारक नाही. पण किरिबातीच्या ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर उद्या कुणी दावा सांगायला गेला, तर त्याला आधी या मताशी झगडावे लागेल.

हिंदी महासागरात करारांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा भारत बसलेला असतो. सेशेल्समधल्या अझम्पशन बेटावर भारताने धावपट्टी आणि तटरक्षक सुविधा उभारण्याचा करार २०१५ मध्ये केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सुधारून पुन्हा केला. मजकूर लोकांपुढे आला तो फुटून. राजधानी व्हिक्टोरियाच्या रस्त्यांवर निदर्शने झाली आणि त्याच वर्षी तो करार संसदेपुढे न नेण्याची भूमिका राष्ट्राध्यक्ष डॅनी फोर यांना घ्यावी लागली. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर, जिथे तीनेकशे माणसे राहतात, भारताने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का यांचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. मॉरिशसमध्ये भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य आहेत, मराठी समाजही पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदतो. तरीही ही धावपट्टी नेमकी कशासाठी, हा प्रश्न तिथल्या संसदेत पुन्हा पुन्हा विचारला गेला आणि गोपनीयतेचे कारण पुढे करून कराराचा मजकूर दाखवला गेला नाही. मालदीवमध्ये भारतविरोधी मोहीम वाढली तिलाही अशाच न दाखवलेल्या कागदांनी खतपाणी घातले.

भारताचे पाणी, विमाने आणि पैसा या बेटांच्या अडीअडचणीला वेळेवर पोहोचला आहे, आणि १९८८ मध्ये काम झाल्यावर सैन्य परतही आले. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या देशाला लपवाछपवीची गरज नाही. भारतात परराष्ट्र करारांना संसदेची मंजुरी घ्यावी लागत नाही, त्यामुळे दिल्लीला ही सवय जडली आहे. ती आता सोडायला हवी. कोणत्याही बेटराष्ट्राशी होणाऱ्या पुढच्या सुरक्षा कराराचा पूर्ण मजकूर सहीआधी त्या देशाच्या संसदेपुढे आणि आपल्या संसदेपुढे, दोन्हीकडे ठेवला जावा, ही मागणी भारतीय मतदारानेही करायला हवी.